भिंत कोणती?

४ मार्च

थोरल्या,

आशीर्वाद आधी घे, रागवायचं ते मागाहून रागव. फोन केला की तू कट करतोस आणि मग ती बाई बोलायला लागते, की आपण ज्यांना फोन करत आहात ते उत्तर देत नाहीत. त्या बाईशी माझी आता चांगली ओळख झाली आहे. कधी कधी मी तिलाच सांगते, बाई गं, मला माहीत आहे ते. पत्राचं तसं नाही. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की दोन ओळी तरी डोळ्यांखालून जातात.

पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. वाळूची गाडी तुझ्या साइटवर येते आणि आमच्या गल्लीतही येते, एवढंच सांगते. गाडीवाल्यावर ओरडू नकोस. मी त्याला चहा पाजून पाजून काढून घेतला, तो बिचारा शेवटी पोट धरून बोलला.

अक्षर बघून हसू नकोस. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. ओळ सरळ जात नाही माझी, उतारावरून घसरत जाते. तू लहानपणी माझ्या वहीवर ओळंबा धरून दाखवायचास, आई, बघ किती तिरकं. आता धर म्हणावं.

तर सांगायचं म्हणजे भिंगरीचं. धाकट्याची मुलगी. तू गेलास तेव्हा रांगतही नव्हती, आता शाळेत जायची झाली. नाव चांगलं देवाधर्माचं ठेवलंय, पण पाय फुटले तशी जी गरगर फिरायला लागली, ती भिंगरीच झाली. बोलायला अशी आहे की समोरचा दमतो. परवा तिला विचारलं, काका म्हणजे कोण गं? तर तुझ्या खोलीच्या दाराकडे बोट करून म्हणते, "काका म्हणजे ती." मी म्हटलं, अगं ती खोली आहे. तर म्हणते, "हो, तिचंच नाव काका." आता तिचं तरी काय चुकलं? जन्मल्यापासून ऐकतेय, काकाच्या खोलीत जाऊ नको, काकाच्या खोलीला कुलूप आहे. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सूनबाई हसली नाही, ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

गाडीवाल्याने तुला सांगितलं असेलच की तिला रक्ताचा आजार निघाला. हो, तोच, मोठ्या नावाचा. डॉक्टरीणबाई म्हणतात, मुलांमध्ये तो बरा होतो, पुष्कळ मुलं बरी होतात. हे वाक्य मी पाठ करून ठेवलंय आणि चालताना म्हणते. औषधं चालू आहेत. केस गेले सगळे. आरशात बघून म्हणाली, "आजी, मी अंडं झाले." मग सगळ्यांना डोक्यावरून हात फिरवायला लावला. एवढा गुळगुळीत गोटा मी जन्मात पाहिला नाही रे. हात काढवत नाही.

औषधाने अंगातली ताकद जाते, कोणाचं काही लगेच लागतं. आमच्याकडे तर येणारं-जाणारं माणूस, शिंकणारं, खोकणारं. मग म्हटलं घरात सगळ्यांत शांत खोली कोणती? तुझी. कुलूप उघडलं. तुझं काही हलवलं नाही हो. थापी, ओळंबा, ती मोडकी पातळी, सगळं आहे तिथे आहे. कपाट कोपऱ्यात आहे तसंच आहे. त्याच्या शेजारी तिची खाट टाकली. खोलीला जरा कुबट वास होता, पण बंद खोलीला असतोच, खिडकी उघडी ठेवली. भिंगरी खूश. "मी काकात झोपते," असं शाळेतल्या बाईंना फोनवर सांगत होती.

सध्या थोडा खोकला आहे तिला, म्हणून दवाखान्यात आणलंय. काळजीचं काही नाही.

तुझी आई

१२ मार्च

थोरल्या,

थोडा खोकला असं लिहिलं होतं मी. थोडा नव्हता.

ताप होता. चढला की उतरतच नव्हता. साधी औषधं झाली, भारी औषधं झाली, ताप आपला जागचा हलेना. मग छातीत दुखतं म्हणायला लागली. तुला माहीत नाही ती, पण ती कधी दुखतं म्हणत नाही, सुई टोचताना सुईलाच विचारते, तुला लागलं का? ती म्हणाली दुखतं, तशी मी डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळाले. यंत्रात घालून छातीचे फोटो काढले, तर फुप्फुसात डाग. नळी घालून छाती आतून धुतली, ते पाणी तपासलं. त्यात बुरशी निघाली.

बुरशी. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, ती पावावर धरते ती? त्या म्हणाल्या, "तिचीच लांबची बहीण समजा." नाव एवढं लांब आहे की सिस्टरने माझ्या हातावर लिहून दिलं तरी मला वाचता आलं नाही. मी तिला 'ती बया' म्हणते. आता इथल्या सिस्टरसुद्धा म्हणतात, आजी, तुमच्या बयेचं औषध लावते हं.

डॉक्टरीणबाई माझ्याशी नीट बोलतात. बाकावर शेजारी बसून बोलतात, उभ्याने नाही. त्या म्हणाल्या, ही बुरशी सगळीकडे असते, मातीत, धुळीत, ओल्या भिंतीत, हवेत. "आत्ता तुम्ही-मी श्वासातून घेतोय." मी लगेच श्वास धरला. त्या हसल्या, "सोडा, तुम्हाला काही होत नाही. तुमच्या रक्तात राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत, आली की त्या तिला गिळतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. हिच्या आजाराच्या औषधाने त्या पेशीच संपल्यात. घर उघडं आहे आणि राखणीला कोणी नाही." तेवढं मला कळलं. आणि एक पेच असा, की मूळ आजाराचं औषध चालू ठेवावं तर राखण येत नाही आणि बया पसरते. ते थांबवावं तर मूळ आजार डोकं वर काढतो. सध्या थांबवलंय. धाकट्याने विचारलं, किती थांबवता येईल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार नाही." एवढंच म्हणाल्या. धाकटा मग पाणी आणायला म्हणून गेला, तो बराच वेळ आलाच नाही. बाटली भरलेलीच होती रे.

बयेचं औषध शिरेतून देतात, पिवळं असतं. ते सुरू झालं की पोरीला अशी हुडहुडी भरते की खाट वाजते. आता आधी एक इंजेक्शन देतात, म्हणून जरा कमी. आत एका वेळी एकच माणूस. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, हात कोपरापर्यंत धुऊन, तोंडाला फडकं बांधून जायचं. मी पहिल्यांदा तशी गेले तर डोळे किलकिले करून बघत म्हणते, "आजी, तू चोर दिसतेस. काय चोरलंस?" तापात फणफणलेली, आणि हे विचारतेय. मी म्हटलं, तुझा ताप चोरायला आले. तर म्हणते, "मग लवकर चोर ना."

डॉक्टरीणबाईंनी घरची चौकशी केली. कुंड्या आहेत का? नाहीत. शेजारी बांधकाम? नाही. पाळलेली पाखरं? नाही. घरात कुठे ओल? त्यावर धाकटा आणि सूनबाई एकमेकांकडे बघायला लागले. ती म्हणाली, खोलीला वास येतो थोडा. धाकटा त्याच दिवशी घरी गेला आणि तुझं कपाट हलवलं. मागची भिंत काळीहिरवी झाली होती, पार खांद्यापर्यंत. कपाटाची पाठ हाताने सोलली गेली म्हणाला.

पण ऐक, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, तिथूनच आली असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. कुठूनही आली असेल, रस्त्यावरून, शाळेतून, कुठूनही. मी हे मुद्दाम लिहितेय. तू ते वाक्य दोनदा वाच.

तुझी आई

१९ मार्च

थोरल्या,

आलं! तुझं कार्ड आलं. शेजारची शिंपीणबाई घराची किल्ली सांभाळते, ती ते घेऊन दवाखान्यात धावत आली. मी चष्मा शोधेपर्यंत तिने वाचूनही दाखवलं, दोनच तर शब्द होते. 'भिंत कोणती?'

नमस्कार नाही, खुशाली नाही, आई कशी आहेस नाही. एवढ्या वर्षांनी पोराचं अक्षर आलं आणि त्यात काय, तर भिंत कोणती! शिंपीणबाई म्हणाली, हा काय वेडा आहे का हो? मी म्हटलं, वेडा नाही, गवंडी आहे. आणि मला इतका आनंद झाला की मी ते कार्ड बाकावरच्या सगळ्यांना दाखवलं. एका आजोबांनी विचारलं, काय लिहिलंय मुलाने? मी सांगितलं, ख्यालीखुशाली.

मला माहीत आहे तू का विचारलंस. कपाट कोपऱ्यात आहे, कोपऱ्याला भिंती दोन. एक बाहेरची आणि एक न्हाणीघराकडची. मी मागच्या पत्रात कोणती ते लिहिलं नव्हतं. लिहायला घेतलं होतं, मग हात तिथून उचलला. पण तू विचारलंस, आता लपवत नाही. न्हाणीघराकडची.

लोक जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. नळावरून फुटलेलं घर एक आमचंच. धाकटा म्हणाला, दादा, भिंत घाम सोडतेय, तुझा आतला नळ गळतोय. तू म्हणालास, माझ्या हातचा नळ गळत नाही, नवी भिंत पाणी सोडतेच. तो म्हणाला फोडून बघू. तू म्हणालास, माझी भिंत फोडायची असेल तर मी या घरात राहत नाही. आणि गेलास की सरळ. मग कोणी ती फोडली नाही. तू गेल्यावर तर धाकटा तिला हातही लावू देईना. म्हणायचा, दादा येईल तेव्हा दादा बघेल. हे तुला माहीत नसेल.

आता पोरीचं. ताप उतरला! सकाळी सिस्टरने तापाचा काटा पाहिला, झटकला, परत लावला. मला म्हणाली, आजी, तुम्ही चोरलात वाटतं खरंच. पांढऱ्या पेशी यायला लागल्यात, अगदी थोड्या, पण येतायत. रोजचा आकडा आला की सूनबाई बाहेर येऊन माझ्याकडे बघते. तोंडावर फडकं असतं, नुसते डोळे दिसतात, पण डोळ्यांवरून कळतं. आज तिचे डोळे हसून बारीक झाले होते. पिवळं औषध बंद करून बयेसाठी आता गोळी दिलीय. ती उपाशीपोटी घ्यायची आणि तिच्याने डोळ्यांना रंग भलतेच दिसतात काही दिवस. भिंगरी मला म्हणते, "आजी, तुझ्या डोक्याभोवती दिवे लागलेत." माझी एवढी आरास आयुष्यात कोणी केली नव्हती. सिस्टर तिला हिरवी दिसते म्हणे. तिने सिस्टरला सांगितलं, तू आज कैरी आहेस.

तर मुद्दा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोटोतले डाग लहान व्हायला लागले तर तिला थोडे दिवस घरी सोडू. घरचं जेवण, घरची झोप, अंग धरेल, मग मूळ आजाराचं औषध पुन्हा चालू करता येईल. ते लवकर चालू व्हायला हवं, नाहीतर इथवर केलेलं सगळं वाया. दवाखान्यातही जास्त दिवस ठेवणं बरं नाही, इथे दुसरे जंतू आहेत. पण घर कोरडं हवं. ओल जिथून येते तिथून काढलेली हवी, आणि फोडाफोडी ती यायच्या आत संपून घर पुसून झालेलं हवं, कारण फोडताना जी धूळ उडते, त्या धुळीतून बया जास्त फिरते.

धाकट्याने एक गवंडी आणला. मी घरी कपडे न्यायला गेले होते तेव्हाच आला. बघून म्हणाला, वरून घट्ट रंग मारतो, काही दिसणार नाही. मी म्हटलं, बाबा, दिसत नव्हतं तेच तर दुखणं झालं. कपाटामागे होतं, दिसत नव्हतं. त्याला मी चहासुद्धा दिला नाही, म्हणजे समज.

तो नळ भिंतीत कुठून कसा गेलाय ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. दुसरा फोडेल तर अख्खी भिंत फोडेल. मी तुला ये म्हणत नाही. किल्ली शिंपीणबाईकडे असते, एवढंच कळवते. धाकटा सकाळी कामावर, मग थेट दवाखान्यात. घरात दिवसभर कोणी नसतं. मी हे पत्र लिहितेय ते त्याला ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही, तू निश्चिंत राहा.

तुझी आई

२६ मार्च

थोरल्या,

हे पत्र शिंपीणबाईच्या हाती देतेय. म्हणजे तू माझ्यापासून चार रस्ते पलीकडे बसला आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. गंमतच आहे की नाही?

यायचं नाही दवाखान्यात, खबरदार. तू शिंकतोस असं शिंपीणबाई म्हणाली. धुळीने असेल म्हणतोस, असेलही, पण सर्दी निघाली तर सिस्टर आधी मला हाकलेल. काम कर, काढा पी आणि तोंडाला फडकं बांध. फोडतोस ती साधी धूळ नाही, हे मी तुला सांगायला हवं का?

शिंपीणबाईने मला सगळं सांगितलं. तिच्या खिडकीतून तुझी खोली दिसते, आणि ती शिवणयंत्र ठेवून दिवसभर खिडकीतच आहे, तिची सगळी गिऱ्हाइकं खोळंबलीत. म्हणाली, दाराला ओल्या चादरी लावल्या. भिंतीवर आधी पाणी मारलं, भिजू दिली, मग छिन्नी लावली. आणि वरून खालपर्यंत फोडली नाही, बोट टेकवत टेकवत एका रेघेने गेला म्हणाली, जशी मी कापडावर खडूने रेघ मारते. गिलावा ओला असतानाच पोत्यात भरून तोंड बांधून बाहेर. झाडू हातात घेतला नाही, सगळं ओल्या फडक्याने. मी मनात म्हटलं, हे मी शिकवलेलं नाही, हे याच्या बापाचंही नाही. हे याने माझं पत्र दोनदा वाचलंय त्याचं आहे.

आणि मग काल धाकटा. तो दवाखान्याचा कसलासा कागद न्यायला भरदुपारी घरी आला, मला काय माहीत! मी तुला निश्चिंत राहा लिहिलं आणि त्याला बरा तेव्हाच कागद हवा झाला. शिंपीणबाईने पडदा ओढून घेतला म्हणे. ती आता ओरडतील, मग ओरडतील म्हणून पडद्यामागे उभी. धाकटा दारात. तू भिंतीपाशी.

मग म्हणे धाकटा म्हणाला, "भिंत आधीच ओली आहे, आणि पाणी कसलं मारतोयस?"

तू म्हणालास, "धूळ उडायला नको."

"हं."

"तू जा. तुला तिच्याजवळ जायचंय, तुझ्या कपड्यांना लागेल."

"कपडे बदलीन. दे ती बादली."

"राहू दे."

"दे म्हटलं ना, दादा."

आणि दिलीस. बस, एवढंच झालं म्हणे. शिंपीणबाई थोडी हिरमुसली, तिला वाटलं गळ्यात पडतील. मी तिला म्हटलं, बाई, बादली दिली ना, मग आणखी काय राहिलं?

एक तिने आणखी पाहिलं. भिंतीतून नळाचा एक वळणाचा तुकडा निघाला. तो तू खिडकीत उजेडात धरून बराच वेळ बघितलास, मग खिडकीच्या कठड्यावर ठेवलास. धाकट्याला दिसेल असा. मी संध्याकाळी धाकट्याला विचारलं, काय रे, तुकडा कसला निघाला? तर म्हणतो, "कसला तुकडा? टाकला कचऱ्यात. बघायचं काय त्यात." आणि पोरीच्या गोळीची वेळ झाली म्हणून उठून गेला. गोळीची वेळ झाली नव्हती. मी परत विचारलं नाही. तुलाही विचारत नाही.

डबा पाठवलाय. सगळा संपव, डबा घासायचा नाही, तसाच शिंपीणबाईकडे दे.

तुझी आई

१० एप्रिल

थोरल्या,

तू गेलास, आणि पोरगी आली. एवढं पुढेमागे कशाला करायचं होतं? धाकटा म्हणाला, दादा म्हणाला माझ्या अंगावर, पिशवीत, बुटांत साइटची धूळ, ती यायच्या आत मी निघतो. सर्दीही पुरती गेली नव्हती म्हणे. मला राग आला होता. मग खोलीत गेले आणि राग काही टिकला नाही.

काय भिंत केली आहेस रे! मी तिला गाल लावून पाहिला. कोरडी, आणि थंडसुद्धा नाही. वास नाही. पंखा लावून वाळवलीस, मग चुना मारलास, धाकटा म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की पूर्ण वाळेपर्यंत पोरीला त्या खोलीत ठेवू नका, म्हणून खाट सध्या बाहेरच्या खोलीत आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलंस तेही पाहिलं.

आणि नळ! मी मधल्या वाटेने चालले होते तर खांद्याशी काहीतरी. बघते तर नळ भिंतीवरून चाललाय, उघडाबोडका, राखाडी, वरून येऊन सरळ न्हाणीघरात. जन्मभर ज्याने एक वायर भिंतीवर दिसू दिली नाही, ज्याने आमच्या शेजाऱ्याला त्याच्या उघड्या नळांवरून नावं ठेवली, की घर आहे का कारखाना, त्याने स्वतःच्या घरात नळ बाहेरून काढला. मी तिथेच उभी राहिले. धाकटा मागून आला. मी म्हटलं, दिसायला बरं नाही रे हे. तो म्हणाला, "नसू दे. गळला तर दिसेल." आणि हात लावून पुढे गेला, जसा तुझ्या खांद्याला लावावा तसा. मला तरी तसंच वाटलं.

भिंगरीचे डाग पुष्कळ लहान झालेत, गेले नाहीत. गोळी अजून किती तरी महिने चालायची आहे, उन्हात जायचं नाही. मूळ आजाराचं औषध पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू, ही गोळी चालू ठेवूनच. पेशी परत खाली जातील, राखण परत उठेल. मी त्यावर फार विचार करत नाही, म्हणजे करते, पण सकाळी करत नाही. सकाळी ती उठते आणि मला आनंद होतो, त्याला मी काय करू? टोपी घालून घरभर हळूहळू फिरते, गरगर नाही अजून. परवा अर्धी गिरकी घेतली आणि भिंतीला धरून उभी राहिली, आणि आम्हा सगळ्यांकडे अशी बघायला लागली, जसं काही आम्हीच फिरलो.

नळ बघून तिने विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुझ्या काकाने केलं. तर म्हणते, "काका तर खोली आहे ना?" मी म्हटलं, खोली काकाची आहे, काका माणूस आहे, गवंडी आहे. तिला पटेना. "मग तो खोलीत का नाही?" धाकटा म्हणाला, येईल. "कधी?" धाकटा म्हणाला, नळ गळला की येईल. मी त्याच्याकडे बघितलं, तसा म्हणाला, "नाही गळला तरी येईल, आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, सर्दी नसताना." त्या अटी तिने बोटांवर मोजून घेतल्या. पण पहिलं वाक्य जे डोक्यात बसलं ते बसलं. आता रोज सकाळी हात धुऊन मधल्या वाटेवर जाते, टाचा उचलते आणि नळाच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवते. मग बोट डोळ्यांपुढे धरून नीट बघते. मग ओरडते, "कोरडं!" आवाजात थोडं वाईट वाटलेलं असतं. तू यायचं लांबलं ना.

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणते, "बरं." धाकटा दाढी करता करता म्हणतो, "बरं." मी पण म्हणते.

आज सकाळीही कोरडं होतं. मी स्वतः बोट लावून पाहिलं, मगच लिहितेय.

तुझी आई